४७ सेकंद

रविवारी जेवणं झाली, घर आडवं झालं आणि मी भोंगा बदलायला बसलो.

गेम जुनाच, २००१ सालचा मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर. आता त्यातल्या गाड्या मी ओपन रेल्स नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पळवतो, पण फायली त्याच. कुणीतरी हौसेनं बनवलेलं आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन उतरवून घेतलं होतं. रंग बरोबर, जाळ्या बरोबर, कठड्यावरची काजळीसुद्धा बरोबर. भोंगा दाबला तर आवाज आला गेमसोबत मिळणाऱ्या अमेरिकन डॅश-९ इंजिनाचा. जीव इतका चिडला! तसं आपलं इंजिन ज्यातलं, ते अल्को कंपनीचं घराणंही मूळचं अमेरिकेचंच. पण वाराणसीत जन्मून वर्षानुवर्षं आपल्याकडचे घाट चढल्यावर माहेरची बोली कितीशी उरणार?

आवाजाची सगळी व्यवस्था एका साध्या मजकुराच्या फायलीत असते. तिच्या नावाचं शेपूट ‘एसएमएस’. (यावरून घरात एकदा गैरसमज होऊन गेलाय, तो विषय नको.) कुठला आवाज कधी सुटायचा त्या इशाऱ्याला ट्रिगर म्हणतात: ट्रिगर आठ म्हणजे भोंगा सुरू, नऊ म्हणजे बंद. मी फाटकाजवळ फोनवर टिपलेला भोंगा तिथं बसवला आणि गाडी सोडली. भोंगा झकास वाजला, पण गाडी वळणाआड गेली तरी तो आपला कानाशीच. फाइल स्टिरिओ होती. स्टिरिओ आवाजाला जागा नसते, तो दूर जाऊ शकत नाही. मोनो केली, तेव्हा कुठं गाडी खरोखर निघून गेली. त्या भोंग्यामागं एक कुत्रं भुंकतंय, ते मात्र राहू दिलं. फाटक म्हटलं की कुत्रं हवंच.

खरी मेख रुळांच्या आवाजात होती.

मामा वाठार स्टेशनच्या बाजूला की-मन होते. रोज पहाटे खांद्यावर हातोडा नि पाना टाकून आपल्या वाट्याच्या लायनीवरून चालत निघायचे. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्यासोबत थोडं चालायची मुभा असे, ‘सी/फा’च्या, म्हणजे फाटकासाठी शिट्टी वाजवा सांगणाऱ्या पिवळ्या पाटीपर्यंत. तिथून मागं फिरायचं. मामा मध्येच थांबून एखादी चावी, म्हणजे रूळ धरून ठेवणारी पाचर, ठोकत. तो ठणका रुळातून पुढं पळत गेल्यासारखा वाटे. थंडीत रूळ आखडतात, फटी रुंदावतात, मग सांधे जास्त बोलतात, असं ते सांगत. आता त्यांचे स्वतःचे गुडघे बोलतात.

पॅसेंजरनं पुण्याला येताना ते मनगट माझ्यापुढं धरायचे. “मोज. ४७ सेकंदांत जेवढे सांधे, तेवढा ताशी वेग.” रूळ १३ मीटरचा, बाकी हिशेब कागदावर करून बघा, बरोबर येतो. मी डोळे मिटून मोजायचो. आपल्या खालचा ‘खडक-खडक’ धरायचा, पुढच्या बोगीचा सोडायचा. बावन्न! मामा मान डोलवायचे, जणू गाडी मीच चालवली. पुढं रूळ जोडून लांबच लांब झाले आणि मोजायला काही उरलं नाही. प्रवास सुखाचा झाला म्हणतात. असेल.

तर गेममध्ये काही आवाज वेगावर सुटतात, काही अंतरावर. अंतराच्या ट्रिगरला कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा द्यायचा असतो. मी दोन्हीकडे १३ लिहिलं. चाकांच्या घरघरीची एक पट्टी कापून खाली गोल फिरत ठेवली. वेग वाढेल तशी ती चढत जाते. घड्याळ लावलं. साठाच्या वेगाला साठ खडक. एकटाच खुर्चीत हसलो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा सध्या आमच्याकडेच आहेत. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. झोप झाल्यावर ते येऊन मागं उभे राहिले. पडद्याकडं त्यांनी पाहिलंच नाही, मान तिरकी करून नुसतं ऐकलं. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, सांधे रे!

“फ्लॅट टायर आहे,” मामा म्हणाले.

“काय?”

“चाक चपटं झालंय एक. ऐक की. टक, टक, टक. गाडी पळते तसं तेही पळतंय.”

ऐकलं. होतं. घरघरीची पट्टी जिथं संपून पुन्हा सुरू होते, तिथं माझी कात्री जराशी चुकली होती. पट्टी फिरली की टक. मी तासभर सांधे मोजत होतो, ते माझ्या कानावरच आलं नव्हतं.

“मामा, ते खरं नाहीये. मीच कापताना—”

“ते असू दे. पुढचं स्टेशन कुठलं?”

“आदर्की.”

“मग तिथं कळव. डबा बघून घेतील.”

आणि ते चहा झालाय का बघायला आत गेले. मी फाइल उघडली, पुन्हा बंद केली. आदर्कीला गाडी उभी केली, दोन मिनिटं.