गडाचं थ्रीडी मॉडेल हेडसेटमध्ये का थरथरतं?

ड्रोनने फोटो काढून तयार केलेलं सिंहगडाच्या एखाद्या दरवाजाचं मॉडेल लॅपटॉपवर लांबून झकास दिसतं. तेच व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट घालून जवळून बघितलं की चिऱ्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि मान हलवली की भिंत थरथरते. दोष ड्रोनवर किंवा हेडसेटवर जातो, पण मेख बहुतेक वेळा आकड्यांत असते.

सर्व्हेच्या पद्धतीने केलेलं मॉडेल यूटीएम निर्देशांकांत (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगण्याची पद्धत) येतं. सिंहगड ४३ उत्तर या झोनमध्ये. तिथे पूर्वेचा आकडा साधारण ३ लाख ६८ हजार मीटर, उत्तरेचा २० लाख ३१ हजार. वेबवर मॉडेल जातं ते जीएलटीएफ या थ्रीडी फाइल-प्रकारात, आणि त्यात बिंदूंच्या जागा ३२ बिटांच्या फ्लोटमध्येच (दशांश आकडे साठवायची पद्धत) ठेवतात. या फ्लोटला अचूकता २४ बिटांची. म्हणून २० लाखांच्या घरात शेजारशेजारच्या दोन आकड्यांत १२.५ सेंटिमीटरचं अंतर पडतं, ३ लाखांच्या घरात सुमारे ३ सेंटिमीटरचं. चिऱ्यांमधली बोटभर फट अशा जाळीत टिकणार कशी? मान हलवली की याच मोठ्या आकड्यांचं गणित दर फ्रेमला वेगळं गोल होतं, म्हणून भिंत थरथरते. ६४ बिटांचा फ्लोट या स्टँडर्डमध्ये नाहीच, त्यामुळे एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये कितीही शोधाशोध केली तरी हाती काही लागत नाही.

उपाय एकच: मोठा आकडा आधीच वजा करायचा. तो ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये करू नका. ब्लेंडरही आतून ३२ बिटांचाच आहे, फाइल उघडली तेव्हाच नुकसान झालेलं असतं. क्लाउडकंपेअर या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडताना ते स्वतःच ग्लोबल शिफ्ट (वजा करायचे आकडे) सुचवतं. ती स्वीकारा, आकडे वहीत टिपून ठेवा आणि सेव्ह करताना शिफ्ट जपण्याची खूण काढून टाका. ती राहिली तर सेव्ह होताना जुने आकडे परत जोडले जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. उंचीतूनही वजाबाकी हवी. गड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास आहे, आणि वेबएक्सआरमध्ये (ब्राउझरमधून व्हीआर दाखवायची सोय) ‘लोकल-फ्लोअर’ घेतलं की पायाखालची जमीन शून्यावर असते. उंची तशीच राहिली तर बघणारा गडाखाली सव्वा किलोमीटर उभा!

पुढची अडचण अक्षांची. सर्व्हेत झेड वर, जीएलटीएफमध्ये वाय वर. ओबीजे फाइल ब्लेंडरमध्ये आणताना ‘अप’ला झेड आणि ‘फॉरवर्ड’ला वाय निवडा, बाहेर काढताना ‘+वाय अप’ची खूण राहू द्या. यातलं एक चुकलं की दरवाजा पाठीवर पडतो. एकक मीटरच.

दगड काळाकुट्ट दिसत असेल तर मटेरिअल बघा. जीएलटीएफमध्ये ‘मेटॅलिक फॅक्टर’ लिहिलाच नसेल तर तो १ धरला जातो, म्हणजे बेसॉल्टचा पूर्ण धातू होतो. भोवती प्रतिबिंबाला काही नसेल तर धातू काळाच दिसणार. तो ० करा. शिवाय फोटोत त्या दिवशीचं ऊन आधीच उतरलेलं असतं, त्यावर पुन्हा दिवे लावले की सावल्या दुहेरी होतात. अशा मॉडेलला ‘अनलिट’ (दिव्यांचा परिणाम न घेणारं) एक्स्टेन्शन लावणं मला सर्वांत योग्य वाटतं.

आता टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेलं चित्र), आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ८१९२ × ८१९२ ची जेपेग डिस्कवर काही एमबींचीच असते, पण ग्राफिक्स मेमरीत ती उलगडते: प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे २५६ एमबी, मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान लहान प्रती) धरून सुमारे ३४१. अशी चार टेक्स्चर म्हणजे १.३ जीबीच्या वर. हेडसेटचा ब्राउझर तिथेच बंद पडतो आणि कारणही सांगत नाही. ड्रॅको हे कॉम्प्रेशन वापरून फाइल आणखी लहान केली तरी इथे फरक पडत नाही, कारण ड्रॅको फक्त त्रिकोणांची जाळी आवळतो, चित्रांना हात लावत नाही. हवा आहे तो केटीएक्स२ हा चित्रांचा फाइल-प्रकार. त्यातलं चित्र मेमरीतही आवळलेलंच राहतं: ४०९६ चं टेक्स्चर मिपमॅपशिवाय ६४ एमबीऐवजी त्याच्या दोन पद्धतींपैकी यूएएसटीसीत १६, ईटीसी१एसमध्ये ८. दगडाच्या रंगाला ईटीसी१एस चालतं. नॉर्मल मॅपला (पृष्ठभागाचा उंचसखलपणा दाखवणारं चित्र) मात्र यूएएसटीसीच द्या, नाहीतर सपाट पृष्ठभागावर चौकटी उमटतात. लांबी-रुंदी ४ च्या पटीत हवी. जीएलटीएफ-ट्रान्सफॉर्म या साधनाची ‘इन्स्पेक्ट’ कमांड प्रत्येक टेक्स्चर मेमरीत किती जागा घेईल ते दाखवते. फाइलच्या आकाराआधी तो रकाना वाचा.

थ्री.जेएस या वेब लायब्ररीत जीएलटीएफ लोडरला केटीएक्स२ लोडर वेगळा जोडावा लागतो, ट्रान्सकोडरचा (चित्र हेडसेटला चालेल अशा रूपात बदलणारा भाग) पाथ द्यावा लागतो आणि ‘डिटेक्ट सपोर्ट’ला रेंडरर द्यावा लागतो. रेंडरिंगसाठी ‘सेट ॲनिमेशन लूप’च वापरा, ब्राउझरच्या विंडोचा नेहमीचा ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ व्हीआर सेशनमध्ये चालत नाही. ७२ हर्ट्झला एका फ्रेमसाठी १३.९ मिलिसेकंद मिळतात आणि त्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं काढायची असतात, म्हणून स्वतंत्र (कॉम्प्युटरशिवाय चालणाऱ्या) हेडसेटसाठी दोन-तीन लाख त्रिकोणांवर थांबलेलं बरं.

चाचणी करताना ‘एंटर व्हीआर’चं बटणच दिसलं नाही तर कोड खोदत बसण्याआधी पत्ता बघा. वेबएक्सआर एचटीटीपीएसवरच चालतं, सूट फक्त लोकलहोस्टला. हेडसेटमधून लॅपटॉपचा आयपी साध्या एचटीटीपीने उघडला तर ब्राउझर ही सोय लपवूनच ठेवतो. अँड्रॉइडवर चालणारा हेडसेट असेल तर डेव्हलपर मोड सुरू करून यूएसबी केबलने जोडा, लॅपटॉपवर ‘एडीबी रिव्हर्स’ या कमांडने तोच पोर्ट वळवा आणि हेडसेटच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडा.