अठरा इंचांची हक्काची जागा

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपण्याची रीत अजून टिकून आहे, आणि बाजेवर उताणे पडले की ताऱ्यांमधून लुकलुकत सरकणारा एखादा तरी दिवा दिसल्यावाचून राहत नाही. देशाच्या मध्यावर राहण्याचा हा एक लाभ आहे. कुठूनही निघालेले आणि कुठेही जाणारे विमान बहुधा आमच्या डोक्यावरून जाते. त्या एवढ्याशा दिव्यात दोन-अडीचशे माणसे बसलेली असतात, जेवतात आणि झोपतात, हे भूगोल शिकवताना मी मुलांना कितीदा तरी सांगितले होते, परंतु निवृत्तीनंतरची तीन वर्षे उलटेपर्यंत त्या माणसांपैकी एक होण्याचा योग काही आला नव्हता. तो एका डिसेंबरात आला. मुलगी न्यू जर्सीला असते. तिने तिकीट काढले ते मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या आणि मध्ये कुठेही न थांबता थेट नेवार्कला उतरणाऱ्या विमानाचे, आणि अर्थातच इकॉनॉमी वर्गाचे.

तिकीट हाती आल्यापासून जो तो माझे सांत्वन करू लागला. पुण्याच्या भाच्याने फोनवर पाय, मान आणि कंबर यांच्या भवितव्याविषयी अर्धा तास माहिती दिली. मुलगी स्वतःच अपराधी सुरात म्हणाली, ‘‘आई, पुढच्या वेळी वरच्या वर्गाचं बघू गं.’’ शेजारच्या म्हातारीने तर गालावर हात ठेवून विचारले, ‘‘पंधरा घंटे एकाच जाग्यावर? मानूस इटून जाईन ना वं बाई!’’ या सगळ्यांचे ऐकून मीही मनाची तयारी केली, एक मऊ उशी घेतली, गुडघ्याचे तेल घेतले आणि हाल सोसायला निघाले. ते हाल मला पंधरा तास शोधूनही सापडले नाहीत, हे आता सांगितले तर कुणाचा विश्वास बसत नाही.

प्रवास नागपूरहून सुरू झाला. सोनेगावच्या या विमानतळाला रात्रीच्या उड्डाणांचा जुना इतिहास आहे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास येथे एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या सुमारास आपापल्या शहरी परतत. सकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी हजार किलोमीटरवर वाचले जाई, ते आमच्या नागपुरात कुणीतरी रात्रभर जागत होते म्हणून.

मुंबईच्या मोठ्या विमानात शिरून माझ्या आकड्याची जागा सापडली, ती खिडकीची निघाली. बसल्याबरोबर मी सवयीने ती वितीने मोजली. दोन विती भरल्या, म्हणजे सुमारे अठरा इंच रुंद, आणि माझ्या पाठीपासून पुढच्याच्या पाठीपर्यंत एकतीस-बत्तीस इंच. यालाच लोक कोंडवाडा म्हणतात. भाचा सहा फूट उंच आहे, तेव्हा त्याची तक्रार खरी असणार. परंतु पाच फुटांना इंचभर कमी पडणाऱ्या माझ्यासारखीच्या गुडघ्यांपुढे पिशवी ठेवण्याइतकी जागा उरत होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या अठरा इंचांवर माझ्याखेरीज कुणाचाही हक्क नव्हता.

याचे मोल कळायला ‘शकुंतला’ या आमच्याकडच्या आगगाडीतून प्रवास केलेला असावा लागतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे ११३ किलोमीटरचे अंतर ही अडीच फुटी रुळांवरची गाडी सहा-सात तासांत काटायची. कापूस मुंबईला आणि तेथून मँचेस्टरला पोचावा म्हणून इंग्रजांच्या काळात टाकलेल्या या रुळांवर १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते, म्हणजे धावत होते असे म्हणायचे. त्या गाडीत, आणि पुढे नोकरीच्या काळात एसटीत, जागा ही कधीही कुणाची नसे. खिडकीतून रुमाल टाकून ती धरावी लागे, आणि धरल्यावरही तिघांच्या बाकावर चौथा माणूस ‘‘जरा सरकून घ्या’’ म्हणत टेकला की आपण सरकत असू, मग मांडीवर कुणाचे तरी पोर येई आणि पायांशी कुणाची तरी कोंबडी. आयुष्यभर मी सरकून घेत आले आहे. विमानाचे दार बंद झाले, पट्टे आवळले गेले, आणि आता सकाळपर्यंत ‘सरकून घ्या’ असे म्हणणारे कुणीही या विमानात चढणार नाही हे लक्षात आले, तेव्हा मला अक्षरशः पसरून बसावेसे वाटले.

उड्डाणापूर्वी आतले दिवे मालवले गेले. ‘‘गेली लाईन!’’ हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. बाहेर अंधार असताना आतल्यांचे डोळेही अंधाराला सरावलेले असावेत, म्हणजे काही बाका प्रसंग आला तर बाहेर पडताना चाचपडायला नको, यासाठी हे करतात असे पुढे समजले. आमच्याकडे लाईन जाते ती इतक्या विचाराने जात नाही. तिकडे शेतात तर त्या आठवड्यात मोटारीसाठी रात्रीचीच वीज होती, त्यामुळे मला सोडायला नागपूरपर्यंतसुद्धा न येता यजमान हरभऱ्याच्या ओलितावर थांबले होते.

माझ्या शेजारी साठीच्या एक तेलुगू बाई होत्या. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. त्यांचे हिंदी माझ्या इंग्रजीइतकेच. परंतु माझी पहिली नेमणूक पांढरकवड्याकडे होती आणि तेथून आदिलाबाद दूर नाही, त्यामुळे बाजारापुरते तेलुगू कानावर पडलेले होते. मी त्यांना ‘‘तिन्नारा?’’ असे विचारले. जेवलात का, एवढाच त्याचा अर्थ, पण त्यांनी जो माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. आम्हा दोघींच्या मध्ये हात टेकायला एक चिंचोळी पट्टी होती, आणि ती कुणाची याविषयी प्रवाशांत मोठे वाद असतात असे भाच्याने बजावले होते. शेताच्या धुऱ्यावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या मुलखातली मी. मला ते लगेच पटले. आमचा धुरा मात्र पहिल्या दहा मिनिटांत मोडला.

जेवण रात्री तीनच्या सुमारास आले, आणि शाकाहारी थाळी वेगळी सांगून ठेवली असली की ती इतरांच्या आधी येते हा आणखी एक अनपेक्षित मान. वीतभर तबकात सगळा संसार मांडलेला होता: चांदीच्या कागदाखाली वाफाळता भात आणि पनीर, बोटभर पाव, लोण्याची वडी, झाकण लावलेले पाणी, आणि एका कोपऱ्यात गोडाचा इवलासा डबा. त्या कागदाची कड उचलताच चष्म्यावर वाफ आली आणि मी तशीच थांबून राहिले. चाळीस वर्षे मी वाढले आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेवटच्या फेरीला बसले आहे. इथे एक तरुण मुलगी वाकून मला विचारत होती की आणखी पाव हवा आहे का, आणि मी उठून ताट विसळायला जाणार नाही हे तिने गृहीतच धरलेले होते. जेवणाला फारशी चव नव्हती हे खरे. त्याचा दोष आचाऱ्याला देऊ नये. विमानातली कोरडी हवा, कमी दाब आणि सततची घरघर यांमुळे जिभेला मीठ आणि साखर कमी जाणवतात. पिशवीत जवसाची चटणी होती. ती भातावर पडली आणि मग शेजारच्या बाईंच्याही भातावर पडली. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. आंध्राची तिखटाची कसोटी उतरणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

हवेच्या कोरडेपणाविषयीही मला पुष्कळ भीती घातली गेली होती. आत आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते म्हणे. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात राहिलेल्या माणसाला हे सांगणे म्हणजे बेडकाला पावसाची भीती घालणे होय. मी नाकाला खोबरेल तेलाचे बोट लावले आणि मोकळी झाले. कान मात्र दडले, कारण विमान अकरा-बारा हजार मीटरवर असले तरी आतला दाब साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवरच्या हवेइतका राखतात. चिखलदरा अकराशे मीटरवर आहे, तेव्हा आपण रात्रभर चिखलदऱ्याच्या डोक्यावर दुसरा चिखलदरा ठेवून त्यावर झोपलो आहोत असे समजावे.

माझ्या पुढचा पडदा सुरूच झाला नाही. चालकवर्गातल्या मुलीने दोनदा क्षमा मागितली, परंतु मला त्याचे दुःख नव्हते, कारण शेजारच्या बाईंनी आपल्या पडद्यावर सिनेमा न लावता नकाशा लावून ठेवला होता आणि मला तोच हवा होता. पृथ्वीच्या नकाशावर उजेडाचा आणि काळोखाचा पट्टा दाखवणारी वक्र रेषा त्यावर होती. ही रेषा मी किती वर्षे फळ्यावर खडूने काढली! कंदिलासमोर चेंडू फिरवून, ‘‘पोरांनो, सूर्य हलत नाही, आपण हलतो’’ असे सांगून घसा कोरडा केला. आता त्या रेषेच्या काळ्या बाजूला एक छोटेसे विमान होते आणि त्यात मी होते. मुंबईहून निघालो तेव्हा तेथे उजाडायला साडेपाच तास उरले होते. परंतु आम्ही पश्चिमेकडे, पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेने पळत होतो. विषुववृत्तावर जमीन ताशी १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते, त्या वेगाशी कोणतेही प्रवासी विमान बरोबरी करू शकत नाही. पण पन्नास अंश उत्तरेला हाच वेग सुमारे १०७० राहतो, आणि विमान ताशी नऊशेच्या आसपास जाते. म्हणजे मागून येणारी पहाट आम्हाला गाठण्यासाठी अगदी थोड्या फरकाने धावत होती. शकुंतलेला यवतमाळ-मूर्तिजापूर जायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात पहाटेने आमच्या शेपटीला हातही लावला नव्हता. शाळेत मला हे गणित माहीत होते, पण ती रात्र अंगावर घेऊन बसल्याशिवाय ते कळले नव्हते.

मध्येच केव्हातरी सगळे झोपले. पातळ पांघरुणे, उघडी तोंडे, एकमेकांच्या खांद्यावर कललेल्या माना. उन्हाळ्यातल्या आमच्या अंगणाचे हे जणू आखीव रांगांत लावलेले रूप होते. पायांत रक्त साखळू नये म्हणून डॉक्टरांनी अधूनमधून चालायला सांगितले होते, तेव्हा मी शेजारणीला ओलांडून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. पडद्याआड दोन मुली बूट काढून उभ्या होत्या. त्यांनी मला पाहून घाईने बूट घातले, ‘‘आंटी, चाय?’’ असे विचारले आणि कागदी पेल्यात चहा दिला. रात्रपाळीच्या माणसांमध्ये उभे राहून घेतलेल्या चहाला, मग ती एसटीची कॅन्टीन असो की विमान, एक वेगळीच सलगी असते.

परत येऊन खिडकी पाहिली. तिच्या काचेच्या खालच्या भागात टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र होते, आणि त्याभोवती दवाचे बर्फ होऊन नक्षी उमटली होती, कपाशीचे बोंड उकलताना दिसावे तशी. काचांच्या थरांपैकी हवेच्या दाबाचा भार बाहेरच्या थराने घ्यावा आणि मधली वाफ निघून जावी म्हणून ते छिद्र ठेवलेले असते. चार बोटांपलीकडे शून्याखाली पन्नास अंशांची थंडी होती आणि अलीकडे मी पायमोजे घालून बसले होते. खाली काळ्या समुद्राच्या काठाचे दिवे होते, विस्कटलेल्या सरकीसारखे. कितीतरी वेळ मी कपाळ काचेला टेकवून होते, आणि त्या संपूर्ण वेळात मला कुणी हाक मारली नाही, दूधवाला आला नाही, गॅस कुणी बंद करायला सांगितला नाही. एवढी लांब आणि एवढी रिकामी रात्र मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. साधारण उतारूंना परवडावे म्हणून १९५२ साली अटलांटिकवर ‘टुरिस्ट’ वर्ग निघाला आणि १९५८ साली त्याहून स्वस्त इकॉनॉमी; ज्यांनी तो काढला त्यांनी पैशांचा हिशेब केला असेल, या रात्रीचा केला नसेल.

नेवार्कला उतरलो तेव्हा क्षितिजावर नारिंगी रेघ नुकतीच उमटत होती. पाय थोडे सुजले होते, तेवढे सोडले तर मी ताजी होते. तेलुगू बाईंनी उरलेली चटणी मागून घेतली आणि मी ती पुडीसकट दिली.

मुलीच्या फोनवरून यजमानांना कळवले. तिकडे संध्याकाळ होती, ते बांधावरून नुकतेच घरी आले होते. ते एरवी फोनवर बोलत नाहीत. ‘‘रात्री ओलितावर होतो,’’ ते म्हणाले, ‘‘दीड-दोनच्या सुमारास तुझं विमान वरून गेलं. मी बॅटरी दाखवली. दिसली का?’’

मुंबईहून पश्चिमेला निघालेले विमान सरळ अरबी समुद्रावर जाते, दारव्ह्यावरून जाण्याचे त्याला काहीच कारण नसते, हे मला पस्तीस वर्षांच्या नोकरीतून पक्के माहीत आहे.

‘‘मी खिडकीजवळच बसले होते,’’ मी म्हणाले.