दारावरची पाटी

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये समोर नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडाच्या दाराला आज ती छोटी पाटी अडकवलेली दिसली. 'केअरवोखे'. घरातल्या बाईंचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं, शेजाऱ्यांनी तक्रार टांगली.

तक्रार नाही हो ती! या आठवड्यात साफसफाईची पाळी तुमची, एवढाच तिचा अर्थ.

पाळ्या दोन, धाकटी आणि थोरली. धाकट्या पाळीत आपल्या मजल्यावरची मोकळी जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतचा जिना येतो. आधी कोरडं झाडायचं, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. जुन्या घरांतले जिने लाकडी असतात, पाणी जास्त झालं की फुगतात. कठडा बहुतेक जण विसरतात, आणि शेजारणीचा हात नेमका तिथेच फिरतो. थोरल्या पाळीत तळघर, अंगण, फुटपाथ. नेमकं काय करायचं ते भाडेकरारात किंवा घराच्या नियमावलीत बघावं.

काम शनिवारपर्यंत उरकायचं. रविवार शांततेचा, तेव्हा बादल्यांचा खडखडाट नको. मग पाटी पुढच्या दाराला. ती आपल्याच दाराला राहिली की अख्ख्या जिन्याची साखळी अडते. गावाला जायचं असेल तर आधीच बेल वाजवून पाळी बदलून घ्यावी. कित्येकांची शेजाऱ्यांशी पहिली ओळख अशीच होते.

वरच्या मजल्यावरच्या आजी त्या बाईंना म्हणाल्या, "पाटी पाहुण्यांच्या दाराला लावत नाहीत."

तुमच्या शहरात शेजाऱ्यांनी तुम्हाला आपलं धरलं, हे कशावरून कळलं?