माझा अनुभव : शिबिराला मुलं कधीच तयार होती, अडलं ते दुसऱ्या मोठ्या माणसापाशी

मी स्काऊट पथक चालवतो म्हटलं की लोक हमखास विचारतात, "एवढी पोरं एकट्याने सांभाळता कशी?" पोरं सांभाळावी लागत नाहीत हो. सहा-सात जणांचे संघ पाडले, प्रत्येक संघाला एक नायक दिला आणि आपण मध्ये मध्ये नाक खुपसलं नाही, की निम्म्याहून जास्त काम तीच करतात. माझा जीव खाल्ला तो मोठ्यांनी, आणि त्यातही एका फॉर्मने. त्या फॉर्मचं नाव काढलं की अजून डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. नव्याने कुणी या कामात पडत असेल तर त्याचा मनस्ताप तरी वाचेल.

माझी मुलगी पथकात होती. आधीच्या पथकप्रमुखांची बदली झाली आणि पालकांच्या बैठकीत "तात्पुरतं कोण बघेल?" असा प्रश्न आला. सगळे मोबाइलकडे बघत होते, मी समोर बघत होतो. झालं. माझी नोंदणी, माझं स्वतःचं व्हेरिफिकेशन (म्हणजे मुलांबरोबर ठेवायला माणूस ठीक आहे ना, याची पडताळणी), प्रशिक्षण, सगळं सुरळीत पार पडलं. प्रशिक्षणात रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन या गाठी घोटून घेतल्या, चूल कशी विझवायची ते शिकवलं. पालकांकडून एका गोष्टीला "हो" कसं म्हणवून घ्यायचं यावर मात्र एकही तास नव्हता.

मुक्कामाचं पहिलं शिबिर ठरवलं आणि गाडी रुतली. नियम असा की मुलं रात्री बाहेर राहणार असतील तर बरोबर किमान दोन मोठी माणसं हवीत, दोघंही संघटनेकडे नोंदलेली आणि व्हेरिफिकेशन झालेली. पथकात मुली असतील तर त्यातली एक बाई हवी. आमचं पथक मुलामुलींचं. म्हणजे मला एक बाई हवी होती, जी तंबूत झोपायला तयार असेल आणि त्याआधी फॉर्म भरायलाही.

हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे, हे आधीच सांगतो. कुठल्याही मोठ्या माणसाने कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने आडोशाला असू नये, हे मुलाच्या भल्याचं आहे आणि मोठ्याच्याही. शिवाय मध्यरात्री एखाद्याला ताप भरला तर एकाने दवाखाना गाठायचा आणि बाकीच्यांजवळ कुणी थांबायचं? १९०७च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सेनापती बेडन-पॉवेल इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन उतरले, तिथून ही सगळी चळवळ सुरू झाली असं आपण सांगतो. मुलांचे चार संघ होते, लांडगे, बैल वगैरे नावं होती, हेही सांगतो. पण तिथेही ते एकटे नव्हते. मेजर केनेथ मॅकलॅरेन हे त्यांचे लष्करातले जुने मित्र मदतीला होते. खुद्द सेनापतीला दुसरा माणूस लागला, तिथे माझी काय कथा! फक्त मॅकलॅरेनसाहेबांना आमच्या संघटनेच्या ऑफिसात फॉर्म द्यावा लागला नव्हता, एवढाच फरक.

तर आधी माणूस शोधणं. पालकांच्या ग्रुपवर कळकळीचा मेसेज टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले, "खूप स्तुत्य उपक्रम" आलं. माणूस आला नाही. एक गृहस्थ म्हणाले, "येतो की, पण ते फॉर्म-बिर्म नको." एक ताई म्हणाल्या, "दिवसभर थांबते, रात्री घरी जाईन." मुद्दा रात्रीचाच होता! तेव्हा पहिला सल्ला: ग्रुपवर मागू नका. एकेकाला गाठून विचारा आणि काम नेमकं सांगा. "मदत कराल का?" या प्रश्नाला लोक घाबरतात, कारण त्याला शेवट दिसत नाही. "शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, गाठी यायची गरज नाही, औषधांची पेटी आणि मुलींचे तंबू एवढंच बघायचं," असं सांगितलं की विचार तरी करतात.

मला माणूस मिळाला तो असा. एका मुलाची मावशी त्याला न्यायला यायची आणि सभा लांबली की कोपऱ्यात बसून, कुणी न सांगता, दोऱ्या गुंडाळून ठेवायची. एकदा बघितलं तर पिळ सुटलेल्या दोरीच्या टोकाला ती जाड दोऱ्याचे वेढे घट्ट बसवत होती. मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाली, "शिकायचं काय त्यात, सुटतंय म्हणून बांधलं." मी तिथल्या तिथे शिबिराचं विचारलं. दोन दिवसांनी "हो" आलं. तेव्हापासून सगळं पथक तिला मावशीच म्हणतं, मीसुद्धा.

आता फॉर्म, मावशीच्या नोंदणीचा आणि व्हेरिफिकेशनचा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, शिक्षणाचा दाखला, नात्यातल्या नसलेल्या दोघांची शिफारसपत्रं, सगळं जोडून दिलं. मग शांतता. वेबसाइटवर नुसतं "प्रलंबित". कशामुळे प्रलंबित, ते कुठेच नाही. फोन केला की एक मॅडम गोड आवाजात म्हणायच्या, "तुमची फाइल पुढे गेली आहे."

"पुढे म्हणजे कुठे?"

"म्हणजे पुढच्या टेबलावर."

"त्या टेबलाचा नंबर मिळेल का?"

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

हे संभाषण इतक्या वेळा झालं की पुढे पुढे मॅडमचं वाक्य मीच पूर्ण करायचो. शेवटी कामावरून अर्धी रजा टाकून मी समक्ष गेलो, तेव्हा कळलं की फाइल कुठेही गेलेली नाही. मावशीच्या ओळखपत्रावर लग्नानंतरचं नाव, शिक्षणाच्या दाखल्यावर माहेरचं, म्हणून कुणीतरी वर पेन्सिलने "नाव?" असं लिहून ती बाजूला ठेवली होती. प्रश्नचिन्ह आम्हाला कळवायचं असतं, हे त्या टेबलाच्या गावीही नव्हतं.

बरं, शंका रास्त होती. व्हेरिफिकेशन करायचं तर माणसाच्या आधीच्या नावानेही व्हायला हवं, नाहीतर त्याला अर्थ काय? पण फॉर्मवर आधीच्या नावासाठी रकानाच नव्हता. मी तसं म्हटलं तर पहिल्या टेबलावरचे म्हणाले, "समासात लिहा ना." समासात लिहिलं. पुढच्या टेबलाने "खाडाखोड" म्हणून फॉर्म परत केला. मग नवा फॉर्म, नव्या सह्या. शिफारस देणाऱ्यांपैकी एक जण नेमके परगावी. ते परत आले तोवर पहिल्या शिफारसपत्राची तारीख जुनी झाली म्हणे. वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या माणसाने दिलेला चांगुलपणाचा दाखला तीन महिन्यांत शिळा कसा होतो, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

शिबिराची तारीख जवळ येत चालली. एक-दोन पालकांनी हळूच सुचवलंही, "जाऊन या हो, मावशी बरोबर असणारच आहे, कागद कोण बघतंय?" मी साफ नाही म्हटलं. काही झालं असतं तर विमा गेला असता, पथकाची नोंदणी गेली असती, आणि ज्यांनी "कोण बघतंय" म्हटलं तेच पहिले विचारायला आले असते. शिबिर पुढे ढकललं.

ते मुलांना सांगणं हा या सगळ्यातला सर्वात वाईट भाग. संघनायकांची सभा बोलावली आणि खरं काय ते सांगितलं. एक नायिका बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मावशींना दोन नावं आहेत म्हणून आपण जायचं नाही?" मी म्हटलं, हो, साधारण तसंच. त्यांनी आपसात कुजबुज केली आणि मुक्कामाऐवजी दिवसभराची पायपीट ठरवली. सकाळी निघून संध्याकाळी परत, कंपास आणि नकाशा घेऊन. वाट एकदा चुकली, ती दुरुस्तही त्यांनीच केली. माझ्या डोक्यात दिवसभर पेन्सिलचं ते प्रश्नचिन्ह.

शेवटी सुटलं कसं? मी फॉर्मच्या वर एक साधं पत्र लावलं. पहिल्या ओळीत दोन्ही नावं, ती एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, खाली जोडलेल्या कागदांची क्रमांकवार यादी. सगळ्याच्या दोन प्रती केल्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच मागितल्यावर समोरचे जरा चपापले, पण दिली. त्यानंतर फोनवर "तुमची फाइल" म्हणण्याऐवजी मी पोचेवरचा क्रमांक आणि तारीख सांगायला लागलो, आणि काय आश्चर्य, साहेब मीटिंगमधून बाहेर आले. एका रात्री उशिरा मंजुरीचा ईमेल आला. वेबसाइटवर तेव्हाही "प्रलंबित"च होतं. मी ईमेलची प्रिंट काढून शिबिराच्या फाइलमध्ये पहिलीच लावली.

आणि हो, पोच हे मी आधीच सांगायला हवं होतं. पहिल्या दिवसापासून घ्या, ओळखीचं ऑफिस असलं तरी घ्या.

शिबिराबद्दल काय सांगू? छान झालं. तंबू नायकांनी उभे केले, एक रात्री कलला, तोही त्यांनीच सावरला. पहिल्या रात्री एका मुलाला घरची आठवण येऊन रडू फुटलं. मी त्याला समजावायच्या तयारीत होतो. मावशीने त्याच्या हातात टॉर्च दिला आणि तंबूच्या दाराशी बसून म्हणाली, "मला दिसत नाहीये, जरा खुंट्या मोजून दे बघू." एक संघनायक सोबतीला उठला. दोघांनी सगळ्या तंबूंच्या खुंट्या मोजल्या, एक कमी निघाली, ती शोधून ठोकली, आणि पोरगं झोपलं. त्या वेळी घरी फोन लावून द्यायची चूक करू नका. आईचा आवाज ऐकला की दुप्पट रडू येतं आणि तिकडे आईचीही झोप उडते.

आरोग्याच्या फॉर्मचं राहिलंच. ॲलर्जीचा रकाना रिकामा असेल तर फॉर्म घेऊ नका. रिकामा म्हणजे ॲलर्जी नाही, की भरायचा राहिला? आमच्याकडे एका बाबांनी रिकामा ठेवला होता. फोन केल्यावर म्हणाले, "ते नेहमीचंच आहे, फक्त मधमाशी चावली की सूज येते." फक्त! शिबिर रानात होतं. तेव्हापासून मी पालकांना समोर बसवून "नाही" असं अक्षरांत लिहून घेतो. एखादा कपाळाला आठ्या घालतो, घालू दे.

व्हेरिफिकेशनला मुदत असते आणि ती नेमकी शिबिराच्या हंगामात संपते. मंजुरी हातात पडली त्याच दिवशी नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, दोन महिने आधीची. आणि दुसरा माणूस मिळाला की तिसरा शोधायला लागा, कारण दुसऱ्याच्या घरी त्याच आठवड्यात लग्न निघतं. मी एका माजी स्काऊट मुलीला तयार केलंय, वयाची अट नुकतीच पूर्ण झाली आहे. तिचे कागद परवाच दिले, पोचेसकट. सगळ्या कागदांवर नाव एकच आहे, मी दोनदा तपासलं. आता तक्रार आली आहे की फोटोत चष्मा आहे.