बंद गाडीचा चालू खर्च

रात्री बिनतक्रार घरी आलेली गाडी सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती टक-टक करू लागली, की इंदुरात सल्ल्यांचा तुटवडा पडत नाही. लोकमान्यनगरातल्या गल्लीत पोहे-जिलबी आणायला निघालेले दोघे-तिघे धक्का द्यायला थांबतात आणि गाडी ढकलता ढकलताच निदानही करून मोकळे होतात: ‘बॅटरी बसली, बदलून टाका.’ हे निदान बऱ्याचदा खरे निघते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. जेव्हा ते खोटे असते तेव्हा नवी कोरी बॅटरीसुद्धा काही दिवसांत त्याच अंगणात, तशीच टक-टक करीत उभी राहते, आणि मग दुकानदाराशी वॉरंटीवरून वाद घालण्याखेरीज हाती काही उरत नाही.

रातोरात बॅटरी उतरण्याची कारणे मुळात जमाखर्चाची असतात. एक तर दिवसा पुरेशी जमा होत नाही, किंवा जमा झालेले साठवण्याची ताकद बॅटरीत उरलेली नसते, किंवा गाडी बंद असतानाही कोणीतरी गुपचूप खर्च करीत असते. ह्या तिन्हींचे दर्शनी लक्षण अगदी सारखे असल्यामुळे केवळ सेल्फचा आवाज ऐकून निवाडा करणारा माणूस कितीही अनुभवी असला, तरी तो अंदाजच बांधत असतो.

मालव्याची रात्र सुखद म्हणून नावाजलेली. ‘शब-ए-मालवा’ हे तिचे कौतुक इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवले जाते. बॅटरीला मात्र पौष-माघातली ही रात्र मानवत नाही. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनाचे तेल दाटते आणि सेल्फला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. पण सगळा दोष थंडीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण बॅटरीचे खरे आयुष्य चैत्र-वैशाखातच झिजलेले असते: बॉनेटखालच्या उष्णतेने आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी उडते, आणि ३५ अँपिअर-तासांची (एक अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअरचा प्रवाह तासभर) म्हणून घेतलेली बॅटरी प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावर येऊन ठेपते.

ह्या गोंधळातून वाट काढण्याचा पहिला उपाय फुकटचा आहे आणि त्यासाठी बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना पुरतो. रात्री बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बाजूला ठेवावे आणि सकाळी परत लावून किल्ली फिरवावी. गाडी मुकाट्याने सुरू झाली, तर बॅटरी निदान रात्रभर तग धरते आहे आणि खाणारे दुसरे कोणीतरी आहे. झाली नाही, तर बॅटरी आपली आपणच रिकामी होते आहे, किंवा संध्याकाळी ती भरलेलीच नव्हती. निगेटिव्हच आधी सोडवायचे, कारण पॉझिटिव्ह खोलताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर डोळे दिपवणारी ठिणगी उडते. घड्याळ आणि रेडिओची स्टेशने ह्या प्रयोगात विसरली जातात, तेवढे सोसावे.

दुसरी पायरी व्होल्ट आणि अँपिअर मोजणाऱ्या साध्या मल्टीमीटरची. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, आणि ११.९च्या खाली गेली की रिकामीच समजावी. इंजिन सुरू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ असेल, तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनाच्या जोरावर बॅटरी भरणारा, जुन्या मेकॅनिकांच्या भाषेतला डायनेमो, आपले काम करतो आहे. इथे बहुतेकांचा एक समज उलटा असतो: गाडी सुरू करण्यातच बॅटरीचा सगळा जीव जातो, असे त्यांना वाटते. सेल्फ दीड-दोनशे अँपिअर खेचतो हे खरे, परंतु तो खेचतो जेमतेम दोन सेकंद. हिशेब केला तर हा खर्च अँपिअर-तासाच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याएवढाच भरतो आणि थोड्याशा धावण्यात तो भरून निघतो. बॅटरीला बुडवतो तो रात्रभर चालणारा बारीक खर्च. पार्किंगचे दिवे राहून गेले तर दोन अँपिअरच्या हिशेबाने दहा तासांत वीस अँपिअर-तास जातात, तर डिकीतला पाच वॅटचा एकटा बल्ब रात्रभर जळला तरी चारच. म्हणजे त्या बल्बने धडधाकट बॅटरी एका रात्रीत झोपत नाही; आधीच निम्मी झालेली आणि राजवाडा ते पलासिया एवढ्याच, सिग्नलासिग्नलाला थांबणाऱ्या फेऱ्यांवर जगणारी बॅटरी मात्र झोपू शकते. ‘कारण सापडले’ असे म्हणण्यापूर्वी हा गुणाकार करून पाहणारा मनुष्य मला अजून विरळाच भेटला आहे.

आमच्या गाडीच्या बाबतीत टर्मिनल सोडून ठेवलेल्या रात्रीनंतर सेल्फने पहिल्याच हिसक्याला इंजिन उचलले, तेव्हा खाणारा बाहेरचा आहे हे ठरले. उस्तादांना (बॅटरीचे आणि वायरिंगचे काम करणाऱ्या ह्या गृहस्थांना सारी वस्ती ह्याच नावाने हाक मारते) एका रविवारी दुपारी घरीच बोलावले. त्यांनी मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात बदलून घेतली आणि निगेटिव्हची केबल व बॅटरीचा खांब ह्यांच्यामध्ये मीटर बसवला, जेणेकरून गाडी जे काही पिईल ते मीटरमधूनच गेले पाहिजे. ह्यानंतर किल्लीला हात लावायचा नाही. सेल्फचा लोट मीटरमधून गेला तर मीटरच जातो. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडे ठेवून त्यांनी कुलपाचा आकडा पेचकसाने दाबून मिटवला. गाडीच्या लेखी दार बंद झाले, आतला दिवा मालवला, आणि फ्यूजबॉक्सला हात घालायची वाट मात्र मोकळी राहिली.

मीटरवर पहिल्यांदा दोन अँपिअरच्या वर आकडा दिसला. मी फ्यूज उपसायला वाकलो, तर उस्ताद म्हणाले, ‘रुको भिया, अभी गाड़ी जाग रही है।’ हा सगळ्या तपासातला मला अत्यंत आवडलेला भाग. आजकालच्या गाडीतले छोटे छोटे संगणक किल्ली काढल्याबरोबर झोपत नाहीत. मालक परत येईल, काही विसरला असेल, दार उघडेल, ह्या आशेने ते बराच वेळ जागे असतात, आणि एकेक करून, कधी वीस मिनिटांनी तर कधी तासाभराने, विझत जातात. तोवर घेतलेले कोणतेही माप फसवे. म्हणून गाडीची अशी खात्री पटवावी लागते की सगळी मंडळी घरात गेली आहेत आणि आज आता कोणी येणार नाही. आम्ही ओट्यावर बसून चहा घेतला, आणि मीटरवरचा आकडा पायऱ्या उतरावा तसा खाली येत ०.७ अँपिअरवर येऊन थांबला. तिथून तो हलेना. सारे झोपी गेल्यावर हा आकडा ०.०५च्या, म्हणजे पन्नास मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. घड्याळ आणि रिमोटचे कुलूप ह्यांना तेवढे पुरते.

मग फ्यूज एकेक करून काढून पाहणे आले. पंख्याचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) चिकटला असता, तर तो तिथे कळला असता; अल्टरनेटरमधला एखादा डायोड फुटून करंट उलटा वाहत असता, तर अल्टरनेटरची केबल सोडवल्यावर. ह्यातले काहीच निघाले नाही. स्टिरिओचा फ्यूज उपसला आणि मीटर ०.०३वर उतरला.

दिवाळीच्या सुमारास एका कार डेकोरच्या दुकानातून मोठ्या पडद्याचा स्टिरिओ बसवून घेतला होता. अशा स्टिरिओला सर्वसाधारणपणे दोन वायरी असतात: पिवळी नेहमी चालू, किल्ली काढल्यावरही स्मरणशक्ती राखणारी, आणि लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. किल्लीची लाइन शोधत बसण्याचा कंटाळा केला, की बसवणारा दोन्ही वायरी एकत्र पिळून पिवळीच्या लाइनला जोडतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि पाच मिनिटांत गिऱ्हाईक खूश होते. पडदा काळा दिसतो, पण आतला स्टिरिओ रात्रभर जागा असतो. डॅशकॅम, ट्रॅकर, डॅशबोर्डवरच्या गणपतीमागचा निळा दिवा, हे सगळे ह्याच मार्गाने गाडीत शिरतात, आणि बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीला त्यांचा बंदोबस्त करता येत नाही.

उस्तादांनी टेप सोडली, लाल वायर वेगळी काढून किल्लीच्या लाइनला जोडली आणि पुन्हा तेवढाच वेळ थांबून ०.०३चा आकडा मला दाखवला. शेवटी त्यांनी मीटर काढून टर्मिनल घट्ट केले आणि हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहिला. दिवे जरा जास्तच मंदावले. रोज रात्री सात अँपिअर-तास गमावून अर्धवट भरल्या पोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरते, आणि ते सगळे परत निघत नाही. हा हिवाळा ती काढेल, असे ते म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यानंतर मात्र नवी घ्यावी लागेल.