तुम्ही विचारलंत म्हणून: उंची मोजायला गुरुत्वाकर्षण कशाला लागतं?

मी काय काम करते हे कळलं की लोक हाच प्रश्न विचारतात. मी भूगणितात, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि गुरुत्वाकर्षण मोजण्याच्या शास्त्रात, काम करते. ग्रॅव्हिमीटर नावाचं यंत्र घेऊन ठिकठिकाणी गुरुत्वाकर्षण मोजते, आणि ते आकडे पुढे जागांच्या उंच्या ठरवायला वापरले जातात. "उंचीच काढायची ना? मग उपग्रह आहेत, लेसर आहे. त्यात गुरुत्वाकर्षण कुठून आलं?" प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून एकदा नीट बसून उत्तर लिहिते.

उपग्रहापासून सुरुवात करू. उपग्रहाचे संकेत पकडणारा रिसीव्हर मुळात जी उंची काढतो ती एका काल्पनिक गोलाभापासूनची, म्हणजे ध्रुवांपाशी किंचित चपट्या गोलापासूनची, असते. हा गोलाभ विषुववृत्तापाशी ६३७८.१३७ किलोमीटर त्रिज्येचा, ध्रुवांपाशी ६३५६.७५२ किलोमीटरचा आणि अगदी गुळगुळीत. भूमितीसाठी तो उत्तम आहे, पण समुद्र त्याला जुमानत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला सरासरी समुद्रसपाटी या गोलाभाच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे आणि न्यू गिनीजवळ ती ऐंशी मीटरच्या आसपास वर आहे. म्हणजे पहिल्या जागेहून दुसऱ्या जागी निघालेलं जहाज उपग्रहाच्या हिशेबाने १८० मीटरचा चढ चढतं. पण त्या चढापोटी इंजिनाला थेंबभरही जास्त इंधन लागत नाही, आणि न्यू गिनीचं पाणी उतार बघून श्रीलंकेकडे धावत नाही. पाण्याच्या दृष्टीने तिथे उतारच नाही. पाण्याला सपाट वाटणाऱ्या या पृष्ठाची कल्पना जर्मन गणिती गाऊस यांनी १८२८ मध्ये मांडली आणि १८७३ मध्ये त्यांचेच देशबांधव लिस्टिंग यांनी तिला जिओइड हे नाव दिलं.

कालवा काढणाऱ्याला, धरण बांधणाऱ्याला, गटाराची लाइन टाकणाऱ्याला उंची हवी असते ती एकाच कारणासाठी: पाणी कुणीकडे जाईल? बुडबुडा बघून पातळी तपासायच्या गवंड्याच्या साधनाला मराठीत पाणसळ हा शब्द आहे, मला तो फार आवडतो. पातळीची कसोटी पाणीच आहे, हे त्या शब्दातच आलंय.

आमची लेव्हल म्हणजे दुर्बीण बसवलेली पाणसळच. बुडबुडा मधोमध आणायचा, मागच्या बेंचमार्कवर (उंची माहीत असलेल्या खुणेवर) धरलेल्या स्टाफवर, म्हणजे आकडे आखलेल्या उभ्या पट्टीवर, वाचन घ्यायचं, समजा १.८४२. मग दुर्बीण फिरवून पुढच्या स्टाफवर, समजा ०.६१७. म्हणजे १.२२५ मीटर चढलो. लेव्हल उचलायची, पुढे न्यायची, पुन्हा बुडबुडा. असे शेकडो टप्पे करून बेरीज केली की डोंगराची उंची आली, असं कुणालाही वाटेल. मलाही शिकताना तसंच वाटलं होतं.

पण एक प्रवास कल्पनेत करून बघा. विषुववृत्तावर समुद्रसपाटीपासून सरळ १००० मीटर वर जा. तिथून पाणसळ सांभाळत, एक मिलिमीटरही चढउतार न करता, ध्रुवापर्यंत चला. मग तिथून खाली समुद्रसपाटीवर उतरा. किती उतरावं लागेल? सुमारे ९९५ मीटर. एकही वाचन चुकलेलं नाही, बुडबुडा प्रत्येक वेळी मधोमध होता, आणि तरी पाच मीटर गायब!

इथे गणित खरं रंगतं. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचं माप, ९.७८० मीटर प्रति सेकंद वर्ग असतं, ध्रुवावर ९.८३२. एक किलो वजन १००० मीटर वर न्यायला विषुववृत्तावर साधारण ९७८० ज्यूल लागतात. ध्रुवावर ओढ जास्त, म्हणून तेवढंच काम ९९५ मीटरमध्येच संपतं. बुडबुडा मधोमध ठेवून चालताना आपण ज्या पृष्ठावरून जातो, त्यावर सगळीकडे हे काम सारखं असतं. दोन पृष्ठांमधलं मीटरमधलं अंतर मात्र सारखं राहत नाही. ओढ जास्त तिथे पृष्ठं दाटीने बसतात, कमी तिथे विरळ होतात. नुसत्या मीटरांची बेरीज त्यामुळे वाटेवर अवलंबून राहते. एकाच शिखरावर दोन वाटांनी लेव्हलिंग केलं तर दोन उत्तरं येतील, आणि दोन्ही मोजमापं बिनचूक असतील.

उपाय सोपा आहे. प्रत्येक टप्प्यातल्या चढाला तिथल्या गुरुत्वत्वरणाने गुणायचं आणि मग बेरीज करायची. ही बेरीज कुठल्याही वाटेने तीच येते आणि फिरून मूळ जागी आलात की शून्य होते. शाळेत विजेच्या धड्यात विभवांतर शिकलात, तेच हे, फक्त गुरुत्वाकर्षणाचं. हे गुणाकार करायचे म्हणून मी यंत्र घेऊन हिंडते.

ते यंत्र किती नाजूक, हे सांगायलाच हवं. आत स्प्रिंगला टांगलेलं चिमुकलं वजन असतं. ग्रॅव्हिमीटर जमिनीवर ठेवून वाचन घ्या, मग ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर ठेवून घ्या. पृथ्वीपासून तेवढंच दूर गेल्याने वाचन सुमारे ०.२३ मिलिगॅलने (मिलिगॅल हे गुरुत्वत्वरणाचं छोटं एकक) कमी भरतं; हा फरक एकूण ओढीच्या चाळीस लाखाव्या हिश्शापेक्षाही कमी. तरी तो फरक पडद्यावर स्वच्छ दिसतो. शेजारून कुणी चालत गेलं तरी आकडा हलतो, म्हणून वाचन चालू असताना मी सगळ्यांना थांबवते. काहींना राग येतो.

आता खरी अडचण. ही बेरीज, म्हणजे विभव, ज्यूल प्रति किलोग्रॅममध्ये येते, आणि लोकांना उंची मीटरमध्ये हवी असते. मग कशाने तरी भागायला हवं. कशाने?

सगळीकडे एकाच ठरलेल्या आकड्याने भागलं तर गतिक उंची मिळते. तिचा फायदा असा की स्थिर तळ्याच्या दोन्ही टोकांना उंची सारखीच येते. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससाठीची १९८५ ची पद्धत म्हणूनच ही उंची वापरते. पण ही उंची पट्टीने मोजलेल्या मीटरशी जुळत नाही. ओळंब्याच्या रेषेवरून जिओइडपर्यंतचं खरंखुरं अंतर हवं असेल, तर डोंगराच्या पोटातल्या सरासरी गुरुत्वत्वरणाने भागावं लागतं. तिथे यंत्र कोण नेणार? जर्मन भूगणिती हेल्मर्ट यांच्या रीतीत खडकाची घनता २६७० किलो प्रति घनमीटर धरून अंदाज करतात. घनता १०० ने चुकली तर १००० मीटर उंचीवर ४ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो उंचीच्या वर्गाने वाढतो: ५००० मीटरवर १० सेंटिमीटर. सोव्हिएत भूगणिती मोलोडेन्स्की यांनी खडकाचा अंदाजच नाकारला आणि भागायला गोलाभाच्या सूत्रातून निघणारं गुरुत्वत्वरण घेतलं. मला त्यांचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. जे दिसत नाही ते धरून चालायचं नाही, मग मिळालेल्या उंचीला थेट भौमितिक अर्थ कमी राहिला तरी चालेल.

विभव मोजायची आणखी एक वाट आता उघडतेय, आणि तिच्याबद्दल बोलताना मला थांबवणं कठीण आहे. जिथे विभव जास्त, म्हणजे वर, तिथे घड्याळ किंचित जलद चालतं. २०१० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मापन संस्थेच्या प्रयोगशाळेत अॅल्युमिनियमच्या आयनांवर चालणाऱ्या दोन घड्याळांपैकी एक ३३ सेंटिमीटर वर उचललं आणि ते जलद चालताना प्रत्यक्ष पकडलं. एक सेंटिमीटर ओळखायचा तर फरक दशांश चिन्हानंतर अठराव्या स्थानावर शोधावा लागतो, आणि आजची सर्वोत्तम घड्याळं त्या टप्प्यात आली आहेत. दोन डोंगरांवर अशी दोन घड्याळं ठेवून प्रकाशतंतूने जोडली, की मधले शेकडो बुडबुडे आणि स्टाफ बाजूला राहून विभवातला फरक थेट हाती येईल. मीटरमध्ये सांगायला मात्र तेव्हाही कशाने तरी भागावंच लागेल.