ऐन दुपारी इन्व्हर्टर बंद का पडतो?

ऊन कडक, छतावरचे सौर पॅनल स्वच्छ आणि त्यांची वीज लाइनमध्ये सोडणारा इन्व्हर्टर मात्र ‘ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद. दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. ट्रान्सफॉर्मरची क्षमता शिल्लक दिसते म्हणून आणखी छतं जोडत जायची, हा हिशेबच अर्धवट आहे. किलोव्हीएत मोजलेली ही क्षमता संपण्याच्या कितीतरी आधी व्होल्टेजची मर्यादा गाठली जाते, कारण छतावरची वीज तारेत उलटी ढकलली की घरापाशी व्होल्टेज चढतं.

230 व्होल्टला 5 किलोवॅट म्हणजे सुमारे 22 अँपिअर. घर ट्रान्सफॉर्मरपासून 300 मीटरवर आणि तारेचा रोध किलोमीटरला 0.5 ओहम धरू. सिंगल फेज जोडणीत प्रवाह न्यूट्रलमधूनही (परतीच्या तारेतूनही) जातो, म्हणून एकूण रोध 0.3 ओहम आणि वाढ साडेसहा व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरपाशी 240 व्होल्ट, इन्व्हर्टरची मर्यादा 253, दुपारी घरांत वापर नगण्य. अशा वेळी एका फेजवरच्या दुसऱ्या घरालाच मर्यादा येते. तेच 5 किलोवॅट तिन्ही फेजवर सारखे वाटले तर न्यूट्रल रिकामा राहतो आणि वाढ जेमतेम 1 व्होल्ट होते.

म्हणून नवी केबल मागण्याआधी शेवटच्या खांबावर तिन्ही फेजचं व्होल्टेज आठवडाभर नोंदवावं, सुट्टीचा दिवस धरून. मग सौर जोडण्या फेजनिहाय वाटाव्यात. पुढची पायरी ट्रान्सफॉर्मरच्या टॅपची, म्हणजे त्यातून बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या खटक्याची. अडीच टक्क्यांची एक पायरी उतरवली की सुमारे 6 व्होल्ट कमी होतात. साधा टॅप पुरवठा बंद करूनच फिरवायचा, आणि संध्याकाळी टोकाच्या घरी व्होल्टेज फार पडत नाही ना, हे त्याच दिवशी बघायचं.

इन्व्हर्टरला रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता नुसती ये-जा करणारी वीज) ओढायला लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण लघुदाब तारांत रोध जास्त आणि रिअॅक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा चुंबकीय अडथळा) कमी, त्यामुळे गुण थोडाच येतो. शिवाय 0.9 पॉवर फॅक्टरला (क्षमतेतला प्रत्यक्ष कामाच्या विजेचा वाटा) 5 केव्हीएचा इन्व्हर्टर 4.5 किलोवॅटच देतो. त्यापेक्षा व्होल्टेज चढेल तशी निर्मिती हळूहळू उतरवणारं सेटिंग चालू करावं. पूर्ण बंद पडण्यापेक्षा नुकसान बरंच कमी.

घरातली वायर तर कुणी मोजतच नाही! मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंत 30 मीटर 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर तिथेच 6 व्होल्ट चढतात, म्हणजे जवळजवळ बाहेरच्या 300 मीटर लाइनइतकेच. 10 चौरस मिलिमीटर घेतली तर अडीचच्या आत.

संपूर्ण ग्रिडच्या पातळीवर भीती वेगळी असते. जर्मनीत जुन्या नियमानुसार वारंवारता 50.2 हर्ट्झ झाली की सौर इन्व्हर्टरांनी ग्रिडपासून तत्काळ सुटायचं होतं. छतं मोजकी होती तोवर ठीक. पुढे कित्येक गिगावॉट एकाच क्षणी सुटण्याचा धोका उभा राहिला आणि 2012 च्या नियमाने जुन्या इन्व्हर्टरांची सेटिंग बदलून घ्यावी लागली. आता 50.2 च्या वर निर्मिती टप्प्याटप्प्याने उतरवतात. हे सारं इन्व्हर्टरमध्ये निवडलेल्या ग्रिड कोडवर (त्या-त्या ग्रिडच्या नियमांच्या संचावर) ठरतं, आणि बसवणारे कित्येकदा कारखान्यातून आलेलं सेटिंग तसंच ठेवतात. जोडणी मंजूर करताना त्या स्क्रीनचा फोटो मागून घ्यावा.